जागतिक बँकेस खुले पत्र: मणिबेलीची थकबाकी

प्रति,
जागतिक बँक,
१८१८ एच स्ट्रीट, वॉशिंग्टन.

विषय: मौजे मणिबेली, तत्कालीन जिल्हा धुळे, येथील थकबाकीबाबत.

महोदय,

हे पत्र मराठीत आहे. तुमच्याकडे भाषांतर करणारे पगारी लोक आहेत, त्यांना ते वाचायला द्या. १९८५ साली सरदार सरोवर धरणासाठी तुम्ही आमच्या सरकारांशी जो करार केलात, तो तुमच्या भाषेत होता, आणि त्या करारापायी ज्यांची गावं पाण्याखाली जाणार होती त्यांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता. तेव्हा या वेळी थोडी तसदी तुम्ही घ्या.

मणिबेली कुठे आहे ते आधी सांगतो, कारण तुमच्या कागदांत ते बहुधा एका आकड्यात मिसळून गेलेलं असेल. सरदार सरोवराच्या भिंतीवरून नर्मदेच्या वरच्या अंगाला पाहिलं, की महाराष्ट्राच्या काठावरचं पहिलं गाव मणिबेली. तालुका अक्कलकुवा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. सातपुड्याच्या कड्यांमुळे जिल्ह्याच्या गावाहून तिथे जाणं इतकं अवघड, की गुजरातमधल्या केवडियाला वळसा घालून नावेनं जाणं सोयीचं पडे. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली मिळून महाराष्ट्राची ३३ गावं धरणाच्या बुडितात आली. राहणारे भिल्ल आणि पावरा. सागाच्या खांबांची, बांबूच्या कुडाची घरं, उतारावर ज्वारी, मका, भगर, नदीकाठच्या गाळाच्या पट्टीत भाजीपाला, उन्हाळ्यात मोह, टेंभरं, चारोळी, डिंक, आणि बारमाही नदीतले मासे. तुमच्या अर्थतज्ज्ञांच्या तक्त्यात या माणसांचं रोख उत्पन्न जवळजवळ शून्य भरलं असणार. विकत काही घ्यावं लागत नसे, म्हणून ते शून्य होतं. गाव उठवल्यावर मीठ-मिरचीपासून सरपणापर्यंत सगळं विकत घ्यावं लागलं, तेव्हा तेच लोक कुठल्याशा पाहणीत 'उत्पन्न वाढलेले' म्हणूनही दिसले असतील.

तुम्ही दिलंत ते काय होतं, हे वाचकांसाठी एकदा स्पष्ट करतो. १९८५ मध्ये तुम्ही सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केलेत. त्या वेळच्या दरानं साधारण साडेपाचशे कोटी रुपये. त्यातले २० कोटी डॉलर हे तुमच्या मुख्य बँकेचं व्याजी कर्ज. उरलेले २५ कोटी आयडीए या तुमच्या सवलतीच्या खिडकीतून: व्याज नाही, पाऊण टक्का सेवाशुल्क, आणि तेव्हाच्या शर्तींप्रमाणे फेडीला ५० वर्षं. यात दान कुठेच नव्हतं. एक पैही फुकट नव्हती. तरी साऱ्या जगानं याला भारताला मिळालेली मदत म्हटलं, तुमच्या अहवालांत ते विकास-साहाय्य म्हणून नोंदलं गेलं, आणि 'गरिबी हटवणारी संस्था' हे बिरुद तुम्ही छातीवर मिरवत राहिलात. मदत करणाऱ्याचा मान हवा, सावकाराची परतफेड हवी, आणि जबाबदारी मात्र कुणाचीच नको. असा व्यवहार आमच्याकडे ओळखीचा आहे.

ओळखीचा का, तेही सांगतो. शहादा तालुकाही तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. तिथे दोन पायल्या धान्यापायी, लग्नाच्या उसनवारीपायी भिल्लांच्या जमिनी गेल्या. अंगठा घेणाऱ्या सावकाराचं नाव गावात दानशूर म्हणून होतं. अडीनडीला दार उघडणारा, देवळाला देणगी देणारा. १९७१ मध्ये पाटीलवाडीत जमीनदार आणि भिल्ल यांच्यात झालेल्या संघर्षानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्याबरोबरच्या श्रमिक संघटनेच्या कार्यकर्त्यांनी गेलेल्या जमिनी परत मागायला लोकांना उभं केलं. पुढे १९७४ चा आदिवासींना जमिनी परत करण्याचा कायदा झाला. शहाद्याच्या सावकाराला निदान समोर जाऊन जाब विचारता येत होता. त्याचं घर गावातच होतं. बँकेच्या साहेबांनो, तुमच्या दारापर्यंत पोहोचायला मणिबेलीच्या माणसांना समुद्र ओलांडावा लागला.

कर्ज मंजूर करताना तुम्हाला काय काय माहीत होतं, ते आठवून पाहा. १९८३ मध्ये तुम्हीच थेयर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञाला पुनर्वसनाची तयारी पाहायला पाठवलं होतं. तयारी नव्हती. आमच्या पर्यावरण खात्याची मंजुरी तुमच्या कर्जानंतर दोन वर्षांनी, १९८७ मध्ये आली, आणि तीही अभ्यास पुरे करण्याच्या अटींवर. नियोजन आयोगाची मंजुरी १९८८ ला. म्हणजे घरच्यांनी होकार द्यायच्या आत तुम्ही पैसे मोजून मोकळे झालात. आदिवासींच्या विस्थापनाबाबत तुमची स्वतःची धोरणं तेव्हा अस्तित्वात होती, १९८० आणि १९८२ ची. ती धोरणं तुमच्याच फडताळात राहिली. एखाद्या तलाठ्यानं इतक्या अपुऱ्या कागदांवर फेरफार नोंदवला असता तर आम्ही त्याला निलंबित करायला लावलं असतं.

नर्मदा लवादाचा १९७९ चा निवाडा होता. ज्याची २५ टक्क्यांहून जास्त जमीन जाईल त्या कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान २ हेक्टर. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब. आणि आधी पुनर्वसन, मग बुडीत. कागदावर इतका चांगला निवाडा देशात पूर्वी झाला नव्हता. पण सातपुड्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांतल्या अनेकांच्या हाती सातबारा नव्हता. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, स्वराज्यात मोजणी झाली नाही, आणि आजोबांनी कसलेल्या शेतावर नातू 'अतिक्रमणदार' ठरला. एका उताऱ्याच्या कागदावरून कुटुंबाचा हक्क ठरत होता. तो कागद करणारा तलाठी त्या डोंगरात कधी चढलाच नव्हता. निवाड्याचा लाभ खातेदाराला, आणि खातं निर्माण करण्याची जबाबदारी जिनं टाळली ती सरकारी यंत्रणाच आता खातं दाखवा म्हणत होती. बायकांचं नाव तर या हिशेबात कुठे आलंच नाही. सज्ञान मुलाला कुटुंब मानणाऱ्या कागदाला सज्ञान मुलगी दिसली नाही, विधवा दिसली नाही.

जमीन शोधायची वेळ आली तेव्हा काय झालं? मणिबेलीची काही कुटुंबं गुजरातमध्ये परवेट्याला नेली गेली. महाराष्ट्रातल्यांसाठी तळोद्याचं जंगल मोकळं करायचं ठरलं, सगळं मिळून ४,२०० हेक्टर. पण ते जंगल रिकामं नव्हतं. तिथेही आदिवासीच कसत होते, त्यांच्याकडेही सातबारा नव्हता. एका उपाशी माणसाचं ताट दुसऱ्या उपाशी माणसापुढे सरकवायचं आणि त्याला पुनर्वसन म्हणायचं, असा तो कारभार झाला. सोमावल, रोझवा या वसाहतींकडे नवे आणि जुने दोन्ही आदिवासी एकमेकांकडे संशयानं पाहू लागले. तुमच्या पैशानं झालेल्या नुकसानीत ही गोष्ट कुणी मोजलेली नाही. मला ती सगळ्यांत जड वाटते. धरणग्रस्ताला जमीन नाकारणं हा अन्याय आहेच, पण त्याला दुसऱ्या गरिबाच्या अन्यायाचं निमित्त बनवणं त्याहून वाईट.

मग लोक उठले. 'आमु आखा एक से' म्हणत नदीकाठची गावं एकत्र आली. १९८९ मध्ये आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे जाऊन बोलल्या. १९९० मध्ये जपाननं टर्बाइनसाठी देऊ केलेलं कर्ज थांबवलं. तिथल्या नागरिकांनी आपल्या सरकारला प्रश्न विचारले म्हणून. त्या जपानी माणसांचं मणिबेलीशी काही नातं नव्हतं. आपल्या करातून जाणारा पैसा कुणाच्या घरावर चालून जातो, एवढंच त्यांनी पाहिलं. देणाऱ्यानं पाळायची नीती मला तिथे दिसते. १९९० च्या डिसेंबरात बाबा आमटे आणि हजारो लोक नर्मदेकाठच्या राजघाटाहून चालत निघाले, गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवले गेले, तिथे थंडीत आठवड्यांमागून आठवडे बसले, उपोषणं झाली. तेव्हा कुठे तुम्ही स्वतंत्र चौकशी नेमलीत. तुमच्या इतिहासातली अशी पहिलीच.

त्या चौकशीचे प्रमुख ब्रॅडफोर्ड मोर्स हे काही आंदोलनाचे माणूस नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ते प्रमुख राहिलेले. त्यांचे सहकारी थॉमस बर्जर कॅनडातले माजी न्यायाधीश. त्यांनी गावोगावी जाऊन पाहिलं आणि जून १९९२ मध्ये लिहून दिलं की प्रकल्प आहे त्या रूपात सदोष आहे, सध्याच्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, पर्यावरणाचे परिणाम नीट तपासलेलेच नाहीत, आणि तुम्ही एक पाऊल मागे घ्यावं. तुम्ही नेमलेल्या माणसांनी तुम्हालाच दोषी धरलं. त्यानंतर तुम्ही केलंत काय? ऑक्टोबर १९९२ मध्ये तुमच्या संचालक मंडळानं अनेक देशांचा विरोध असतानाही सहा महिन्यांच्या काही अटी घालून पैसा चालू ठेवला. ती मुदत संपत आली असताना, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारनं उरलेले १७ कोटी डॉलर नको म्हणून कळवलं. तोवर २८ कोटी डॉलर खर्ची पडले होते. अटी पुऱ्या झाल्या नाहीत असं तुम्हाला म्हणावं लागलं नाही. पैसे काढून घेतले असं आमच्या सरकारला ऐकावं लागलं नाही. दोघांचीही लाज राखली गेली.

आणि मग पावसाळा आला. १९९३ च्या त्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. घरं पोलीस बंदोबस्तात मोडली गेली. पाण्यात उभं राहिलेल्यांना उचलून अटक झाली. तुम्ही बाहेर पडल्याला आठ महिने होत नाहीत तोच नोव्हेंबरात अक्राणीत, बुडितातल्या सर्वेक्षणाला विरोध होत असताना, पोलिसांच्या गोळीनं एक आदिवासी मुलगा मारला गेला. गोळी तुम्ही झाडली नाही, हे मला कळतं. भिंत उभी करायला तुम्ही हात दिलात, भिंत इतकी उंचावली की थांबवणं कुणाच्या हाती राहिलं नाही, आणि नेमक्या त्या वेळी तुम्ही हात झटकलेत. तुम्ही होतात तोवर निदान तुमच्या पाहणी पथकाच्या भीतीनं अधिकारी डोंगर चढत होते. तुम्ही गेलात आणि ती माणसं आपल्याच सरकारच्या तावडीत एकटी सापडली. चुकीचं देणं हा तुमचा पहिला अपराध. चूक कळल्यावर, ती न निस्तरता निघून जाणं हा दुसरा, आणि माझ्या लेखी मोठा.

तुम्ही निघून गेलात म्हणून तुमचं नातं तुटलं असंही नाही. करारातल्या पुनर्वसनाच्या अटी कर्ज फिटेपर्यंत सरकारांवर बंधनकारक राहतात, ही तुमचीच भूमिका होती. आयडीएच्या त्या पतपुरवठ्याची मूळ मुदत १९८५ पासून मोजली तर २०३५ पर्यंत जाते. या काळात मुद्दल आणि शुल्काचे हप्ते वसूल करायला तुम्ही विसरला नाहीत. अटींची वसुली करायला मात्र विसरलात. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला परवानगी दिली, टप्प्याटप्प्यानं उंची वाढत गेली, १७ सप्टेंबर २०१७ ला १३८.६८ मीटरचं धरण देशाला अर्पण झालं. त्यातल्या विजेचा २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. ती वीज कुणाकडे गेली ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. काठावरच्या पाड्यांनी मात्र वर्षानुवर्षं चिमणीच्या उजेडात रात्री काढल्या. सरकारी शाळा नुसत्या कागदावर चालत होत्या, म्हणून १९९२ पासून चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांनी स्वतःच्या जीवनशाळा उभारल्या. बांबू, कूड, श्रम गावाचे. ज्यांना तुम्ही घेणारे समजत होतात त्यांनी असं देऊन दाखवलं.

या सगळ्यातून तुम्ही शिकलात, असं तुम्ही सांगता. १९९३ मध्येच तुम्ही तपासणी मंडळ स्थापन केलंत, जिथे तुमच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पांतले प्रकल्पग्रस्त तक्रार नेऊ शकतात. ते मंडळ चांगलं आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पातले विस्थापित २००४ मध्ये तिथे गेले, तुमचं चुकलं असं मंडळानं सांगितलं आणि २००६ मध्ये काही काळ तुम्ही पैसा रोखलात. पण ज्यांच्यामुळे हे मंडळ जन्माला आलं, त्या ३३ गावांना त्यातून काय मिळालं? तुमच्या शिक्षणाची फी मणिबेलीनं भरली, तीही घर आणि शेत देऊन. पदवी तुमच्या भिंतीवर लागली.

कोर्टात जायचं म्हटलं, तर तिथे तुमच्याभोवती कवच आहे. तुमच्याच कुटुंबातल्या आयएफसीच्या कर्जावर कच्छमध्ये मुंद्र्याचा कोळशाचा वीजप्रकल्प उभा राहिला. तिथले मच्छीमार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २०१९ मध्ये त्यांनी मिळवलं ते इतकंच, की तुमच्यासारख्या संस्थांना संपूर्ण अभय नाही. पुढे खालच्या न्यायालयांत त्यांचा दावा टिकला नाही. बुडणाऱ्याला देशातल्या सरकारवर खटला भरता येतो, ठेकेदारावर भरता येतो. ज्यानं पैसा पुरवला तो मात्र पायरीच्या पलीकडे. देणाऱ्याला प्रश्न विचारता येत नसेल, तर घेणाऱ्याच्या वाट्याला फक्त हात जोडणं उरतं.

आमच्या सरकारांना मी सोडत नाही. दिल्ली, गांधीनगर, भोपाळ आणि मुंबई या चार ठिकाणी बसलेल्यांनी जे स्वतःचं नव्हतं ते तारण ठेवलं. तुमच्यापुढे हात पसरताना 'गरीब देश' आणि चौकशी आली की 'सार्वभौम देश' असा पवित्रा त्यांनी घेतला. घेणाऱ्यालाही नीती असते. कुणाच्या नावावर घेतो, तो माणूस त्या व्यवहारात आहे का, परतफेडीचं ओझं कुणाच्या पाठीवर पडणार, हे न विचारता घेतलेली मदत ही परस्पर केलेली विक्री आहे. सही करणारे दोघे एका टेबलाशी बसले होते, आणि जे खरोखर देत होते, आपली जमीन, आपली नदी, ते त्या खोलीत नव्हते. सगळ्या प्रकरणात देणारा म्हणण्याजोगा एकच पक्ष होता, आणि तो म्हणजे मणिबेली.

मदत घेणं कमीपणाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात खानदेशच्या बाजारात अमेरिकेतून आलेला मिलो पोत्यांनी उतरला. लालसर, कडवट दाण्याची ती ज्वारी. दादर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांच्या घशाखाली ती उतरत नसे. तरी खाल्ली, पोरं जगवली. खडी फोडणाऱ्यांना कामावर सुकडी मिळाली, तिच्या चवीबद्दल म्हातारी माणसं आजही बोलतात. त्यात अमेरिकेचं राजकारणही होतं, हे खरं. पण त्या धान्यानं कुणाचं शेत मागितलं नाही. त्याच दुष्काळातून महाराष्ट्रानं रोजगार हमी उभी केली. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला आणि धुळे-जळगावच्या मजुराला काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, घेणाऱ्याला कुणाचे पाय धरावे लागत नव्हते, आणि मजुरी घामाची होती. गैरव्यवहार झाले, हजेरीपटावर मेलेली माणसंही कामाला आली. पण तत्त्व निर्मळ होतं. तुमच्या तज्ज्ञांनी ते शिकायला खानदेशात यायला हवं होतं.

आणखी एक जागा दाखवतो. धुळ्याचा तुरुंग. १९३२ मध्ये विनोबा तिथे कैदेत होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी त्यांनी गीतेवर एकेक प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी दानाचा जो अर्थ लावला तो असा, की समाजाकडून आपण जे घेतलेलं असतं त्या ऋणाची फेड म्हणजे दान. देणारा उपकार करत नाही, तो देणेकरी असतो. साठ वर्षांनी मणिबेलीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्यांचे मोर्चे याच धुळ्याच्या कलेक्टर कचेरीवर येत होते. तुमच्या कुणा अधिकाऱ्यानं या शहरात एखादी रात्र काढली असेल, तर त्याला कुणीतरी हे पुस्तक द्यायला हवं होतं. ज्या देशांच्या पैशांवर तुम्ही उभे आहात, त्यांतल्या कित्येकांची श्रीमंती आमच्यासारख्या मुलखांच्या कापसावर आणि जंगलांवर झालेली आहे. खानदेशचा कापूस कुठल्या गिरण्यांकडे जात होता ते मँचेस्टरला विचारा. तेव्हा तुम्ही देता, ते फेडता.

तुम्ही खानदेशातून कायमचे गेलात असंही नाही. २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी तुम्ही ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलंत. त्यात मराठवाडा आणि विदर्भाबरोबर जळगाव जिल्हा होता. शेततळं, ठिबक, शेडनेट अशी कामं त्यातून झाली, शेतकऱ्याच्या खात्यात थेट अनुदान आलं, आणि अनेकांना त्याचा उपयोग झाला. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बोर्डावर तुमचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि हे कर्ज आहे, आमच्याच तिजोरीतून फिटणार आहे, हे त्या बोर्डावर कुठे दिसत नाही. जळगावच्या शेतकऱ्याला ते माहीत असायला हवं. आपण उपकाराखाली आहोत असं वाटणारा माणूस निकृष्ट प्लास्टिकबद्दल तक्रार करत नाही. हे आपल्याला फेडायचं आहे असं कळलेला माणूस करतो.

एक प्रत मी दिल्लीला पाठवतो आहे, कारण आता आम्हीही देणाऱ्यांत आहोत. २०१४ मध्ये आयडीएच्या कर्जदारांतून भारत बाहेर पडला आणि तिथे पैसे भरणारा झाला. बांगलादेशात सुंदरबनच्या उशाला रामपालचा कोळशाचा वीजप्रकल्प आमच्या एनटीपीसीच्या भागीदारीत आणि आमच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर उभा राहिला. तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. जपानी नागरिकांनी मणिबेलीसाठी आपल्या सरकारला जे विचारलं, ते रामपालसाठी आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? जागतिक बँकेवर बोट रोखणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा प्रश्न लागू आहे. मी त्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

तुमच्याकडे माझं मागणं असं. सरदार सरोवराच्या पुनर्वसनाचे तुमच्याकडचे सगळे कागद मराठीत, हिंदीत, गुजरातीत आणि तिथल्या बोलींमध्ये ऐकवता येतील अशा रूपात खुले करा. ३३ गावांत आणि त्यांच्या वसाहतींत माणसं पाठवा; ग्रामसभेसमोर बसून कुणाला जमीन मिळाली नाही, कुणाला खडकाळ मिळाली, कोणत्या विधवेचं नाव गळलं, याची नोंद घ्या. त्या नोंदीवरून जी रक्कम निघेल ती अनुदान म्हणून द्या. कर्ज म्हणून नको, आणि तिच्यावर ताबा ग्रामसभेचा राहील. रक्कम तुमच्या एका वर्षाच्या प्रवासखर्चाशी ताडून पाहा आणि मग परवडत नाही म्हणा. माफीचं पत्रक काढू नका. त्या कागदावर ज्वारी पिकत नाही.

आणि खानदेशातल्या वाचकांनो, तुमच्या शिवारात उद्या कुठल्याही परदेशी मदतीचा बोर्ड लागला, तर नारळ फुटण्याआधी ग्रामसभा बोलवा. हे दान आहे की कर्ज, किती वर्षांत आणि कुणी फेडायचं, यात कुणाची जमीन जाते, त्याचं नाव काय, तो या सभेत बसला आहे का, हे विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तो माणूस सभेत नसेल तर त्याला आणेपर्यंत सही करू नका.

आपला,
खानदेशातील एक करदाता